खेचरमाऱ्यासाठी लॉकर

मे महिना संपत आला तरी माझं ठरेना, आणि गावात ज्याला त्याला माझं काय ठरलं याचीच चौकशी. पेट्रोल भरायला गेलो तरी तेच, टपाल आणायला गेलो तरी तेच. "काय वर्ल्या, कुठला घेतोयस?" जणू मी घोडनवरा आणि गावभरून मुली सांगून येतायत.

घ्यायचा होता लॉकर. पिकअपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जी भोपळ्याएवढी लोखंडी पेटी असते, तिच्या आत बसतो तो. साध्या गाडीचं एक चाक चिखलात किंवा अधांतरी गेलं, की इंजिनचा जोर त्या रिकाम्या फिरणाऱ्या चाकातच वाया जातो. ज्या चाकाखाली घट्ट जमीन आहे ते नुसतं बसून राहतं. उनाडाला खाऊ घालायचं आणि राबणाऱ्याला उपाशी ठेवायचं, असला तो न्याय. लॉकर बसवला की दोन्ही चाकं जोडीने फिरतात. एवढीच गोष्ट. पण एवढ्याशा गोष्टीत आमच्या नेवाडात चार पंथ आहेत, आणि एका पंथाचा माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसायलासुद्धा तयार नसतो.

मला घाई होती. जोलीन बोर्डा या माझ्या मालकिणीच्या मेंढ्या पंधरा जूनला डोंगरावर जातात. त्यांच्यामागे एफ्राइन जातो, पेरूहून आलेला तिचा मेंढपाळ, आणि चार महिने तिथेच चाकांवरच्या खोपटात राहतो. दर आठवड्याला त्याचं पीठ, बटाटे, पाणी, मेंढ्यांचं मीठ आणि कुत्र्यांचं खाणं वर नेऊन देणं हे माझं काम. जोलीनच्या तळांना रसद पुरवायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. वाटेत एक चढ आहे, त्याला सगळे खेचरमाऱ्या म्हणतात. सुटे, पाटीसारखे चपटे दगड, आणि मध्ये एक तिरकी पायरी, जिच्यावर मागचं एक चाक हमखास लोंबकळतं. तिथून तळ आणखी अकरा मैल.

गेल्या सप्टेंबरात पाऊस लागला आणि मी चार वेळा खेचरमाऱ्यावरून मागे आलो. मग बर्फ पडलं. शेवटी जोलीनने दोन घोडी काढली आणि आम्ही पोहोचलो तो मागच्या रसदीपासूनचा सोळावा दिवस होता. दोन हजार मेंढ्या सोडून एफ्राइन खाली तरी कसा येणार होता? त्याने आम्हाला कॉफी दिली. मी पातेलं घासायला घेतलं, तर तळाशी कुत्र्यांच्या खाण्याच्या भिजलेल्या गोळ्या चिकटलेल्या होत्या.

जोलीनने ते पाहिलं. खाली उतरताना एवढंच म्हणाली, "वर्ल, माणूस उपाशी ठेवून मला मेंढ्या पाळायच्या नाहीत. पुढच्या वर्षी एकदा जरी तिथे अडकलास, तर काम जावयाला देईन." तिचा काही दोष नव्हता. मला त्या पातेल्याची इतकी लाज वाटत होती की मी मान वरसुद्धा केली नाही.

खरी चीड मला दुसऱ्याच गोष्टीची होती. वरचे तळ आधी बेनात इरिगारेकडे होते, खालचे माझ्याकडे. बेनात एकोणीस वर्षांत खेचरमाऱ्यावर एकदाही अडकला नाही. पावसात नाही, चिखलात नाही. पेंडीच्या दुकानात आमचं सकाळचं टेबल बसायचं, तिथे कुणी चढाचा विषय काढला की तो दोन्ही पंजे वर करून दाखवायचा. "हात, वर्ल, हात. गाडीत काय आहे?" आणि सगळे हसायचे. मीही हसायचो, घरी जाऊन दाराला लाथ मारायचो.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्याचं हृदय बंद पडलं. वरचे तळ माझ्याकडे आले, आणि त्याची पिकअप मी त्याच्या बायकोकडून विकत घेतली. मायते दारात उभी होती. किल्ली देताना तिने विचारलं, "गाडीबद्दल काही विचारायचंय का?"

"मायते, गाडीबद्दल मी काय विचारायचं?" मी म्हटलं, आणि गाडी चालू केली.

गाडी गलिच्छ होती. बेनातला कुठलीच वस्तू टाकवत नसे. एक सबंध दिवस मी नुसतं साफ करत होतो. तारा, सुतळ्या, फाटके हातमोजे. खाली एक बारीकशी निळी नळी लोंबत होती ती कापून घेतली आणि मागच्या फळकुटाची कडी तुटली होती ते त्या नळीनेच बांधून टाकलं. घट्ट बसलं. सीटखाली हवेचा एक छोटा पंप निघाला, तो मात्र मला फार आवडला. चढाआधी टायरची हवा कमी करायची आणि उतरल्यावर त्या पंपाने भरायची. समोर दोन बटणं होती. काळ्याने पंप चालायचा. लाल मेलेलं होतं. त्याला मी चष्म्याची दोरी अडकवत असे.

म्हणजे आता गाडी तीच, चढ तोच, आणि अडकणारा मी. कोरड्यात पळवत नेली तर आदळत-आपटत चढायची, जमीन ओली झाली की संपलं. मग उरलं काय? हात. सबंध हिवाळा मी माझ्या हातांकडे बघत काढला.

तर मे महिन्यात मी टेबलावर एवढंच म्हटलं, की लॉकर बसवावा म्हणतोय. आमच्या टेबलाचा एक नियम आहे. चामड्याच्या पेल्यात फासे हलवायचे, हरेल त्याने सगळ्यांच्या कॉफीचे पैसे द्यायचे. दुसरा नियम कुणी बोलून दाखवत नाही, पण पाळतात सगळे: तुला हे कसं जमतं, असं कुणी कुणाला विचारायचं नाही. सल्ला मात्र न मागता मिळतो.

"आपोआपवाला घे," ऑर्विल म्हणाला. "बटण नाही, तार नाही. बसवायचा आणि विसरायचा."

"आणि बर्फावर वळणात गाडी आडवी झाली की आयुष्यच विसरायचं," लमार म्हणाला. "वर्ल्या, याचं ऐकू नकोस. विजेवरचा घे. हवं तेव्हा दाबला, नको तेव्हा सोडला."

"विजेवरचा? चिखलात तार तुटली की हा काय पक्कड घेऊन खाली झोपणार? गुडघे बघ त्याचे."

"गुडघ्यांचं काढू नकोस," मी म्हटलं.

"मग हवेवरचा," लमार म्हणाला.

"हवेवरचा गळतो."

"तुझा गळला होता का?"

"माझ्याकडे कशाला असेल? मला आपोआपवाला आहे."

"मग तोंड कशाला उघडतोस?"

"त्यापेक्षा आतल्या चक्रांचे दात झाळून एकजीव करून टाक," ऑर्विल मला म्हणाला. "माझ्या बापाने झाळले होते. फुकटातलं काम."

"तुझ्या बापाने दोन एक्सल मोडले त्यात," लमार म्हणाला, आणि फासे ओतले. हरलो मी.

हे रोज. सकाळी मी विजेवरच्याचं ठरवून जायचो आणि आपोआपवाल्याचं ठरवून उठायचो. रात्री वाटायचं, निसरड्या वळणात गाडी आडवी गेली तर एफ्राइनला पीठ कोण नेणार. सकाळी पुन्हा पहिल्यापासून. दुकानात फोन केला तर तिकडचा माणूस विचारतो, तुमच्या एक्सलच्या टोकाला दात किती? मी म्हटलं, तोंडातले सांगू का? त्याने फोन ठेवला. चूक माझीच होती, पण तोवर मला कुणावर तरी डाफरायचंच होतं.

नऊ जूनला मी ऱ्होंडाच्या गॅरेजात गेलो. ती गाड्या दुरुस्त करते आणि जास्त बोलत नाही, म्हणून मला बरी वाटते. "हवेवरचा मागव," मी म्हटलं. का, ते मलाही सांगता आलं नसतं. टेबलावरच्या कुणाच्याच गाडीत तो नव्हता, म्हणून असेल.

"आधी मागच्या पेटीचं झाकण उघडते," ती म्हणाली.

"उघडायला कशाला हवं? दाराच्या पट्टीवर सगळं लिहिलंय."

"पट्टीवर कारखान्याने काय घातलं ते लिहिलंय. नंतर बेनातने काय घातलं ते नाही."

"सहा दिवस राहिलेत, ऱ्होंडा."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि गाडी वर चढवली.

तेलाला कुजक्या अंड्याचा वास येत होता. मी स्टुलावर बसून दिवस मोजत होतो. झाकण निघालं. ऱ्होंडाने टॉर्च आत धरला, चिंधीने काहीतरी पुसलं, आणि टॉर्च पुन्हा एकदा आत फिरवला.

"तुटलंय का काही?" मी विचारलं.

"नाही. तुला लॉकर हवाय ना?"

"मग एवढा वेळ काय बोलतोय मी?"

"नाही म्हणजे, एक आहे. आणखी किती हवेत?"

मी उठून गेलो. आत दात्यांच्या मधोमध जाडजूड लोखंडी गोळा होता, त्यातून तांब्याची बारीक नळी निघून वर गेली होती. ऱ्होंडाने पेटीच्या माथ्यावरचा वाळलेला चिखल स्क्रूड्रायव्हरने उकरला. खालून पितळेचं इवलंसं तोंड निघालं.

"हवेवरचा आहे," ती म्हणाली. "चांगला वीस वर्षांचा असेल, पण दात बघ, नवे वाटतात. इथून एक हवेची नळी पुढे पंपाकडे गेलेली असते. नळी नाही म्हणून मेलाय. बारीक असते ती, बहुतेक निळी."

मी गाडीच्या मागच्या फळकुटाकडे पाहिलं. मग तिनेही पाहिलं. दोन पक्क्या गाठी, माझ्याच हातच्या. ऱ्होंडा भली बाई आहे, तोंड फिरवून ती हात पुसत बसली.

मी तेलाच्या घमेल्याला लाथ मारली. एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षं हा माणूस सीटखाली पंप आणि समोर लाल बटण ठेवून मला पंजे दाखवत होता. समोर असता तर मी त्याचा गळा धरला असता. पण मेलेल्या माणसाचा गळा कसा धरणार? आणि धरून म्हणणार काय? नळी तर मीच कापली होती. त्याने लपवलं असेल, तोडलं मी.

"बूट पूस," ऱ्होंडा म्हणाली. "सगळीकडे तेल करशील."

तिने नवी नळी टाकली, तारा बदलल्या. संध्याकाळी मी काळं बटण दाबलं, पंप घुरघुरला. मग लाल दाबलं. मागून ठक् असा आवाज आला. बस, एवढाच.

टेबलावर मी गेलो नाही.

तेरा तारखेपासून पाऊस लागला होता, आणि अठराला मी पहिली रसद घेऊन निघालो. खेचरमाऱ्या काळाकुट्ट ओला होता. पायथ्याशी थांबून लाल बटण दाबलं आणि गाडी सगळ्यात हळू गियरमध्ये सोडून दिली. तिरक्या पायरीवर डावं चाक नेहमीसारखं उचललं गेलं, आणि उजव्याने गाडी वर ओढून घेतली. म्हाताऱ्या गाईच्या चालीने चढलो. हातांना काही कामच नव्हतं. वर पोहोचल्यावर मी गाडी थांबवली आणि एकट्यानेच बेनातला चार शिव्या दिल्या, पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता.

एफ्राइन खोपटाबाहेर बटाटे सोलत होता. चिखलातल्या चाकांकडे बघून, वडीलधाऱ्याला 'डॉन' म्हणायच्या त्याच्या रीतीप्रमाणे म्हणाला, "लाल बटण दुरुस्त झालं वाटतं, डॉन वर्ल."

मी पिठाचं पोतं खांद्यावर घेतलेलं, तसाच उभा राहिलो. "तुला बटणाचं माहीत होतं?"

"मी डॉन बेनातबरोबर यायचो की. पायरीच्या आधी दाबायचे."

"मग मला बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. गाडी तुमची." त्याने सालं कुत्र्यापुढे टाकली. "वाटलं बिघडलं असेल आणि बनवायला वेळ नसेल."

"गेल्या वर्षी सोळा दिवस, एफ्राइन. तेव्हा तरी विचारायचंस."

त्याने पुढचा बटाटा उचलला. "तुम्हाला कुणी काही विचारलेलं चालत नाही, डॉन वर्ल," तो शांतपणे म्हणाला. "तुम्हीही कुणाला विचारत नाही."

मी पोतं खाली ठेवलं. पातेलं तिथेच होतं, दगडावर पालथं घातलेलं, लखलखीत. सत्तावीस वर्षांत न केलेली गोष्ट करायची म्हणजे जीभ जड होते. मी त्याच्या समोरच्या लाकडावर बसलो.

"बरं," मी म्हटलं. "बेनात आणखी काय काय करायचा, जे मला माहीत नाही?"

एफ्राइनने चाकू बाजूला ठेवला, हात पँटला पुसले आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. पहिला हात संपला तेव्हा मी खिशातून पेन्सिल काढली.