समोरच्या दाराची किल्ली

आमच्या इमारतीतल्या अकरा घरांची जादा किल्ली बाराव्या घरात, म्हणजे माझ्या समोरच्या मावशींकडे असायची. स्वयंपाकघरात एक फळी, तिला अकरा खिळे, प्रत्येक किल्लीला कापडाची पट्टी आणि त्यावर दोऱ्याने काढलेला घराचा आकडा. आम्ही त्यांना तोंडावरच किल्लीमावशी म्हणायचो. त्या हसायच्या. एकट्या राहायच्या, शिवणकाम करायच्या. शाळेतून आलेल्या पोरांना दार उघडून देणं, बाहेरगावी गेलेल्यांच्या कुंड्यांना पाणी घालणं, वरच्या मजल्यावरच्या लकवा झालेल्या आजोबांना दुपारची गोळी देणं, हे सगळं कुणीतरी करतंय हेच आम्ही विसरलो होतो.

दोन वर्षांपूर्वी त्या स्वतःची किल्ली घेऊन माझ्याकडे आल्या होत्या.

"भाऊ, ही तुमच्याकडे असू द्या. कधी पडलेबिडले तर."

मी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "मावशी, तुम्ही कुठे जाता? चोवीस तास घरीच तर असता. माझ्याकडून उगाच हरवायची."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

परवाच्या मंगळवारी मी किल्ली आत विसरलो आणि लॅचचं दार ओढून घेतलं. मावशींची बेल तीनदा वाजवली. उत्तर नाही. जिन्यात वरची दोन पोरं मांडीवर दप्तरं घेऊन बसली होती. त्यांची आई ऑफिसातून धापा टाकत आली.

"नेमक्या आजच कुठे उलथल्या या?"

मीही तोंडसुख घेतलं. "निदान सांगून तरी जायचं माणसाने," मी म्हणालो, चांगलं मोठ्याने.

मग मी चावीवाल्याला बोलावलं. माझ्या कुलपाशी खटपट करताना त्याने मध्येच मान वर केली.

"साहेब, समोरच्या घरात काही वाजतंय का?"

ठक. ठक. मग थांबून पुन्हा ठक.

"वरती फरशी बसवतायत. तुम्ही तुमचं काम बघा."

दहा मिनिटांत माझं दार उघडलं. मी चहा केला.

गुरुवारी सकाळी त्या आजोबांनी वाकड्या जिभेने ओरडून ओरडून मुलाला खाली पाठवलं, तेव्हा कुठे आम्ही मावशींचं दार फोडलं. त्या शिलाई मशीनपाशी पडल्या होत्या, मुठीत कात्री उलटी धरलेली. तिच्या दांड्याने ठोकून ठोकून फरशीचा टवका उडाला होता.

"खुबा मोडलाय," डॉक्टर म्हणाले. "नुसत्या त्याने गेल्या नसत्या. पाण्यावाचून गेल्या. काल संध्याकाळपर्यंत असाव्यात."

दोन दिवसांनी सगळे आपापल्या किल्ल्या न्यायला आले. किती चांगल्या होत्या हो, असं प्रत्येकजण म्हणाला. माझ्या खिळ्याला दोन किल्ल्या होत्या. दोन्हींच्या पट्ट्यांवर माझ्याच घराचा आकडा. दुसरी किल्ली मावशींच्या दाराची होती. मला द्यायला आणण्याआधीच त्यांनी तिला माझी पट्टी शिवून ठेवली होती, आणि मी नको म्हटल्यावर ती परत नेऊन माझ्याच खिळ्याला अडकवली होती.

मी दोन्ही खिशात टाकल्या. मावशींना वेळेवर कुणाला काही कळवता आलं नाही, याची जिन्यात सगळ्यांना हळहळ वाटत होती. मी मान डोलावली. चावीवाल्याने काय विचारलं होतं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.