सरूबाईचा पहिला नंबर

आमच्या मुलुंडच्या कारखान्यात आम्ही बायका खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरायचो. पूर्वी काम कसं झालं ते फोरमन बर्नार्ड बघायचा. संध्याकाळी टेबलाशी यायचा, खोक्यांच्या थप्पीवर नजर टाकायचा, "बरं आहे" म्हणायचा. झालं! मग भिंतीवर आलेख लागला, प्रत्येक टेबलाची एक रेघ. ती वर गेली की चांगलं, एवढं समजलं. बाहत्तर साली चंद्रप्रकाश साहेब नवे मॅनेजर म्हणून आले आणि भरलेले खोके नोंदवायला प्रत्येक बाईला वेगळं कार्ड मिळालं. टेबलाचं काम एकेकीत कसं वाटायचं, ते माझ्या डोक्यात अजून शिरलेलं नाही.

माझ्या शेजारी भांडुपची सरूबाई बसायची. तिच्या बोटांचे सांधे सुजलेले. तिचे राहिलेले खोके आम्हीच भरून टाकायचो, त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण जिचं कार्ड मागे पडेल तिला घरी पाठवणार, असं साहेबांनी बजावलं. सरूबाईचा नवरा गेलेला, घरात कमावणारी ती एकटी.

मी माझे थोडे खोके गुपचूप तिच्या थप्पीवर सरकवू लागले. महिनाअखेरीला साहेब खुशीत आले. "सरूबाई पहिल्या!"

आम्ही एकमेकींची तोंडं बघत राहिलो. समोर बसणारी विमला कुजबुजली, "अँजेलिना, मी थोडेच दिले होते गं!"

"तू पण?"

अख्ख्या टेबलाने तेच केलं होतं आणि एकीचा दुसरीला पत्ता नव्हता. सरूबाई तर गोंधळूनच गेली. "मला वाटायचं, अँजेलिना एकटीच देतेय," ती म्हणाली.

साहेबांनी पहिलीला बढती दिली. आता सरूबाईने खोके भरायचे नाहीत, उभं राहून कुणाचा खोका कुणी भरला ते कार्डांवर लिहायचं. चूक झाली तर तिलाच जबाबदार धरणार. पण नोकरी वाचली होती. मी आनंदाने तिला मिठी मारली. हसावं की रडावं हे तिला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

पुढे विमलाला दिवस गेले. तिला सारखं मळमळायचं, हात चालेना. आमचे खोके तिच्याकडे सरकू लागले. कुणी कुणाला विचारलं नाही.

एक दिवस सरूबाई कार्डं घेऊन विमलाच्या थप्पीपाशी थांबली. "हे कुणी भरले?"

पलीकडे साहेब उभे होते.

"सांगा ना गं," ती हळूच म्हणाली. "खरं लिहिलं तर हिची नोकरी जाते. खोटं लिहिलं तर माझी. मी काय लिहू?"