पाण्यातला बाप्पा

शुभ्रा हरावी असं मला वाटत होतं. सख्खा बाप आहे मी तिचा, गुणवंत खटावकर, अबुधाबीजवळच्या मुसफ्फाच्या यार्डात वेल्डिंग इन्स्पेक्टर. आणि मला मनापासून वाटत होतं की पोरगी निवडणुकीत आपटावी. आता मला काय म्हणायचं ते म्हणा.

शुभ्रा फिजिओथेरपिस्ट. अठराव्या वर्षी इंग्लंडला शिकायला गेली ती तिकडचीच झाली, पासपोर्टासकट. तेरा वर्षांत आमच्या वाट्याला काय आलं, तर वर्षाकाठी पंधरा दिवसांची रजा, त्यातलेही चार दिवस मैत्रिणींचे. यंदा मात्र अबुधाबीतल्या एका हॉस्पिटलची नोकरी तिच्यापुढे चालून आली होती. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटं! माझी रिटायरमेंट दोन वर्षांवर आलीय. व्हिसा संपला की खलास, गाशा गुंडाळून चिंचवडला. म्हणजे तिघांनी एका घरात राहायची ही शेवटचीच संधी. आणि नेमक्या त्याच वेळी बाईसाहेब तिकडे बरो काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीला उभ्या राहिल्या. त्याही अपक्ष!

"बाबा, हरले तर येते. प्रॉमिस," ती फोनवर म्हणाली होती. "जिंकले तर मात्र चार वर्षं नाही हलता येणार."

"पण उभी राहतेसच कशाला?"

"लायब्ररी बंद करतायत बाबा. चौदा नंबरची बस पण. समबडी हॅज टू."

समबडी म्हणे! त्या अख्ख्या गावात माझीच पोरगी सापडली? सत्तावीस वर्षं मी या देशात राहतोय, इथे मला मत नाही, आणि चिंचवडच्या यादीतून माझं नाव कधीच उडालंय. माझ्या मताला कुठे कुणी विचारत नाही, आणि ही निघाली लोकांची मतं मागायला.

माझ्या बायकोने, प्रमिलाने, तर देव पाण्यात ठेवले. नुसतं म्हणायला नाही, खरोखर. देव्हाऱ्यातला पितळी बाप्पा पातेल्यात ठेवून वर गळ्यापर्यंत पाणी ओतलं. मागितलेलं मिळेपर्यंत त्याला बाहेर काढायचं नाही. "शुभ्राच्या इलेक्शनसाठी ठेवलाय," असं बिल्डिंगभर सांगून आली. शेजारच्या, मूळच्या रत्नागिरीच्या नूरजहाँभाभींनी लगेच दुआ मागितली. मी आपला आतल्या आत चडफडत होतो. आई आहे ना ही? हिला पोरगी जवळ नको? पण बोलणार कुठल्या तोंडाने? फोनवर मीसुद्धा "यल्ला, जिंकून दाखव" असंच म्हणत होतो.

गुरुवारी मतदान झालं, शुक्रवारी मोजणी. शुक्रवारी आम्हाला अर्धा दिवस. घरी येऊन जेवलो आणि लॅपटॉप उघडून बसलो. काउन्सिलच्या वेबसाइटवर एकेका वॉर्डाचा निकाल पडत होता. चहाच्या वेळेला शुभ्राचा वॉर्ड आला. नऊ उमेदवार. मी घाईघाईने आकडे चाळले. एकाला सतराशे दोन, एकीला चौदाशे साठ, शुभ्राला बाराशे चौदा. बाकी सगळे खाली.

"गेली," मी म्हणालो. "तिसरी आली."

माझा थोरला भाऊ चिंचवडला नगरसेवकपदाला उभा राहिला होता. अडुसष्ट मतांनी दुसरा आला, तर दुसऱ्या दिवशी मांडववालासुद्धा ओळख दाखवेना. दुसऱ्याची ही गत, तिथे तिसरीला कोण विचारतो?

प्रमिला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "नक्की?"

"नक्की म्हणजे? ये, बघ ना."

ती काही बघायला आली नाही. सरळ देव्हाऱ्याकडे गेली, बाप्पाला पाण्यातून काढलं, पातेल्यातलं पाणी बाल्कनीतल्या तुळशीला घातलं आणि कपाटातला नवा नॅपकिन काढून बाप्पाला पुसायला लागली.

"अगं बाई, हरली ती! आता काय काढतेस त्याला?"

"मी काय मागितलं होतं ते तुम्हाला कुठे माहितीये?" माझ्याकडे न बघता ती म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "म्हणजे... तूपण?"

"तूपण म्हणजे? अहो, तुम्हीसुद्धा?"

आठ दिवस एका घरात दोन चोर, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही! आधी मला हसू आलं, मग तिला आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. "पोटच्या पोरीचं वाईट चिंतलं हो मी. पण मला ती हवीय. सकाळी तिने बाथरूम अडवून बसावं आणि मी बाहेरून दारावर थापा माराव्यात, एवढंच हवंय मला."

मलाही तेवढंच हवं होतं. मग काय, दहा मिनिटं आम्ही कुणाचं ऐकतोय! तिच्या खोलीतली ट्रेडमिल माझ्या यार्डातल्या विघ्नेशला देऊन टाकायची ठरली. नवा पलंग घ्यायचा, बाराशे दिरहम, म्हणजे जवळजवळ तीस हजार रुपये. होऊ दे खर्च! पडदे पिवळे की निळे यावर तर आमचं भांडणसुद्धा झालं.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. शुभ्राच्या मागे गलका चालला होता आणि तिच्या कोटावर हे एवढं मोठं रिबिनीचं फूल.

"बाबा! पाहिलंस?"

"पाहिलं गं. तिसरी आलीस, असू दे. वाईट नको वाटून घेऊस. तू ये इकडे."

ती खळखळून हसली. "अरे बाबा, तीन सीट्स आहेत! टॉप थ्री निवडून येतात. आय वॉन!"

मी लॅपटॉपकडे बघितलं. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहिलं होतं, निवडून द्यायचे उमेदवार तीन. वेल्डमधली केसाएवढी भेग मला पाच फुटांवरून दिसते, आणि ही ओळ दिसली नाही.

"मबरूक गं," मी इथल्या भाषेत अभिनंदन केलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगलीच माझी. बाराशे चौदा परक्या माणसांनी माझ्या पोरीला ठेवून घेतलं होतं. इकडे बोलावणारे आम्ही दोघंच.

"हॉस्पिटलला आजच नाही म्हणून कळवते," तिचा आवाज जरा उतरला. "सॉरी बाबा. डिसेंबरमध्ये येईन ना, इन्शाल्ला. पंधरा दिवस."

"ये. सवडीने ये."

"आणि आईला सांग, बाप्पाला काढ म्हणावं आता पाण्यातून. ही डिड हिज जॉब!"

प्रमिला माझ्या शेजारीच उभी होती. कोरडा बाप्पा तिच्या हातात, कॅमेऱ्याच्या खाली.

"काढते हं बाळा," ती हसून म्हणाली. "अभिनंदन गं. जेवून घे वेळेवर."

फोन ठेवल्यावर ती देव्हाऱ्याकडे गेली आणि रिकाम्या पातेल्यात बाप्पाला परत ठेवलं. मी स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणला आणि त्याच्या गळ्यापर्यंत पाणी ओतलं.