सरांची स्क्रिप्ट

तिने सरांचा हात माउसवरून अलगद बाजूला केला.

“थांबा सर. आता काही दाबू नका.”

सरांनी हात मांडीवर ठेवला. जुन्या इमेज पुसणाऱ्या त्यांच्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रामने, पडद्यावर शेवटची ओळ छापली होती : काम पूर्ण. त्यात रक्तपेढीची इमेजही गेली होती. इमेज म्हणजे तयार मशीनचा साचा. क्लाउडवर नवं मशीन लागलं की त्यातूनच निघायचं. आधी निघालेलं एक मशीन अजून निमूट चालत होतं. ते पडलं असतं, तर दुसरं उभं करायला हाताशी काही नव्हतं.

“त्याच मशीनची नवी इमेज घेऊ,” ती म्हणाली. “पण थांबवून घ्यावी, तर ते परत उठलंच नाही म्हणजे?”

“न थांबवता घे. थोडी हललेली येईल. फोटोत पोरं हलतात, म्हणून काय आई ओळखत नाही?”

तिला हसू आलं नाही. इमेज तयार झाली, तिच्यातून एक मशीन उभं करून पाहिलं. उभं राहिलं. रक्तपेढीतल्या कुणाला काही कळलंही नाही. सरांनी पेल्यातलं पाणी एका दमात संपवलं.

तिला पहिल्या नोकरीत काम शिकवणारे सर आता तिच्याच हाताखाली होते. मोठ्या आजारपणानंतर साहेबांनी त्यांना मुदतीवर परत घेतलं होतं, तेही तिने भांडून घ्यायला लावलं म्हणून. मुदत याच महिन्यात संपत होती.

तिने स्क्रिप्ट उघडली. जुनी ‘आणि’ वापरात नसलेली इमेज पुसायची होती. सरांनी जुनी ‘किंवा’ वापरात नसलेली असं लिहिलं होतं. रक्तपेढीची इमेज जुनी होती, पण रोज लागणारी.

“साहेबांना माझं नाव सांग,” सर म्हणाले.

“मंजुरी माझी होती सर. मी स्क्रिप्ट उघडूनसुद्धा पाहिली नाही. तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर...”

“माहीत आहे मला. पाठवली न पाठवली तोच मंजूर होऊन परत आली. नीट बघ म्हटलं होतं ना तुला?”

“मला वाटलं, माझी फिरकी घेताय.”

सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

“ओळी निसटतात गं आताशा. इथे सगळे उठून खुर्ची देतात. चूक मात्र कुणी काढत नाही.”

सरांसमोरच तिने साहेबांना फोन लावला.

“ओळ सरांची चुकली, आणि मी न वाचता मंजूर केली. दोघांच्या नावावर लिहा.”

“बरं. मग त्यांच्या मुदतीचं काय करायचं?”

“वाढवा. यापुढे मी वाचणार आहे.”

साहेब म्हणाले, “तुझ्या जबाबदारीवर.”

“हो.”

तोवर सरांनी ती ओळ दुरुस्त केली होती, शिवाय पुसण्याआधी खात्री करणाऱ्या दोन ओळीही जोडल्या होत्या. नेहमीच्या सवयीने तिचं बोट मंजुरीच्या बटणाकडे गेलं. ते तिने मागे घेतलं. टेबलावरची पेन्सिल उचलून पडद्यावरच्या पहिल्या ओळीखाली आडवी धरली आणि मोठ्याने वाचू लागली. वाचायची ही रीत सरांचीच. पूर्वी पेन्सिल त्यांच्या हातात असायची.

मधेच पेन्सिल थांबली. तिने सरांकडे पाहिलं, पुन्हा ओळीकडे पाहिलं.

“सर, हे आधी पुसतंय आणि मग विचारतंय.”

सर पुढे वाकले. ओठ हलवत त्यांनी ती ओळ वाचली.

“खरंच की,” ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून तिच्या जवळ सरकले. “आणखी काय?”