मागच्या भिंतीचा दिवा

धाकट्याचं वय एकावन्न. गुडघे त्याहून थोरले. तरी धंद्यात त्याला सगळे धाकटाच म्हणत, कारण गेली बावीस वर्षं तो थोरल्यांच्या आधी स्टेजवर जात होता. आधी जातो तो धाकटा. पंधरा मिनिटं उभं राहून लोकांना हसायची सवय लावायची. खुर्च्यांची करकर थांबली, उशिरा आलेले बसले, की "आता ज्यांच्यासाठी आलात ते" असं म्हणून खाली उतरायचं. चूल आपण पेटवायची, स्वयंपाक दुसऱ्याने करायचा आणि वाहवा अर्थातच स्वयंपाकाची. याबद्दल त्याची तक्रार होती, नाही असं नाही. पण ती आता इतकी जुनी झाली होती की तिच्यात काही दम उरला नव्हता.

त्या रविवारी दुपारी तीनचा कार्यक्रम होता. एका कारखान्यातून निवृत्त झालेल्यांच्या संघटनेचा हॉल, तीनशे खुर्च्या, खिडक्यांना जाड पडदे. कलाकारांची खोली म्हणून जी दिली होती ती मोडक्या खुर्च्यांची खोली होती. भिंतीवर आरसा, आणि आरशावर 'हलवू नये' अशी चिठ्ठी. थोरले एका धड खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"धाकट्या, आज कोण आहेत रे समोर?"

"निवृत्त मंडळी, दादा. तीनशे."

"वा. म्हणजे हसायला वेळ आहे."

"वेळ आहे, दात नाहीत."

"दात कशाला हवेत? दातांवरून आठवलं, तो दाताच्या डॉक्टरचा किस्सा घेऊ का आज?"

"घ्या की. तो घेतल्याशिवाय सोडतात का तुम्हाला!"

थोरले खूश झाले. नाडीकडे वळले. मग मान वर करून, त्याच सुरात, तितक्याच उत्सुकतेने त्यांनी विचारलं, "धाकट्या, आज कोण आहेत रे समोर?"

धाकट्याने चहाचा कागदी कप खाली ठेवला. "निवृत्त मंडळी, दादा," तो म्हणाला. "तीनशे."

सकाळी वहिनींचा फोन आला होता. थोरल्यांच्या बायकोला तो पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणत आला होता. त्या घरात मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लाडाकोडाचा आणि बोलणी खाण्याचाही मोठा वाटा त्याच्याच पदरात पडे.

"भावजी, मंगळवारी डॉक्टरकडे नेलं होतं यांना," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी तीन शब्द सांगितले आणि म्हणाले, दहा मिनिटांनी विचारीन. दहा मिनिटांनी विचारलं, तर हे काय म्हणाले माहितीये? 'मघाशी तुम्हीच सांगितलेत, आणि तुम्हीच विसरलात?' डॉक्टर हसले. नर्स हसली. मीसुद्धा हसले हो. आणि मग जिन्यात बसून रडले."

धाकट्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घरी एकच गोष्ट चार-चारदा सांगतात. मी चारही वेळा ऐकते, त्यात काय! पण लोक ऐकून घेणार नाहीत. एक कराल? लोकांनी उतरवायच्या आत तुम्ही उतरवा त्यांना. तुमच्या हातात दिवा असतो ना?"

दिवा असायचा. बोटाएवढी टॉर्च. या धंद्यातली रीतच होती ती. वरच्या माणसाला समोरचा अंधारच दिसतो, वेळेचं भान राहत नाही. म्हणून दुसऱ्याने हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं आणि वेळ संपली की दिवा दाखवायचा. थोरल्यांचं घड्याळ त्यांच्या पोटातच होतं, बावीस वर्षांत एकदाही दिवा लावावा लागला नव्हता. तरी धाकटा भिंतीपाशी जाऊन उभा राहिल्याशिवाय ते सुरू करत नसत. आणि नियम त्यांचाच, आल्या-गेल्या प्रत्येक नव्या विनोदवीराला ऐकवलेला: दिवा दिसला की खाली. वाक्य अर्धं असलं तरी खाली. "समोरचा माणूस घरचं ओझं दाराशी ठेवून तासभर आत आलेला असतो," ते म्हणत. "त्याचा तास त्याचा. त्यातला क्षणही आपण चोरायचा नाही."

त्यांचे वडील गाऊन प्रवचन करणारे होते. आधी हसवायचं, हसताना माणसाचं मन उघडतं, मग त्यातून देवाचं नाव आत सोडायचं, ही त्यांची तऱ्हा. थोरले म्हणत, "मी दार उघडण्यापर्यंत आलो. पुढचं काम बाबांकडेच राहिलं."

आता खरी गोष्ट सांगायची तर, धाकट्याला हे आधीच कळायला हवं होतं. दोन महिन्यांपूर्वी एका कार्यक्रमात थोरल्यांनी दाताच्या डॉक्टरचा किस्सा सहाव्या मिनिटाला सांगितला आणि चाळिसाव्या मिनिटाला पुन्हा सांगितला, अथपासून इतिपर्यंत. लोक खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. विनोदवीर आधी सांगितलेल्या विनोदाकडे शेवटी वळून येतात, त्याला धंद्यात कॉलबॅक म्हणतात. पण अख्खाच्या अख्खा किस्सा, एकही शब्द न बदलता? केवढी छाती! तरुण विनोदवीर मागे उभे होते, ते तर पाया पडायला आले. येताना गाडीत धाकटा म्हणाला, "दादा, काय कॉलबॅक टाकलात!" थोरले म्हणाले, "कुठला?" आणि धाकटा स्टिअरिंगवर हात आपटून हसला. त्याला वाटलं, हाही विनोदच. जन्मभर विनोदात राहिलेल्या माणसाची चूक होती ती. घरातल्या बाईला जे चहात दुसऱ्यांदा साखरेचा चमचा पडताना कळलं, ते त्याला टाळ्यांच्या आवाजात ऐकूच आलं नाही.

संघटनेचे सेक्रेटरी दारातून डोकावले. "चला. आणि पूर्ण तास हवा हं. मागच्या वर्षीचा जादूगार चाळीस मिनिटांत गायब झाला."

धाकट्याने आपली पंधरा मिनिटं केली. हसले लोक. खाली उतरून तो मागच्या भिंतीपाशी गेला आणि खिशातली टॉर्च मुठीत धरली.

थोरले वर आले आणि हॉल उजळला, याला दुसरा शब्द नाही. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण माइकपाशी पोचला की पाठ सरळ. सहाव्या मिनिटाला डॉक्टर आला.

"तोंडात त्याचे दोन हात, एक नळी, एक आरसा. आणि विचारतो, 'मग, मुलं काय करतात?' मी म्हटलं, 'आँ.' तो म्हणतो, 'वा! परदेशात का?' मी म्हटलं, 'आँ, आँ!' तो म्हणतो, 'दोघंही?' घरी आलो. बायको म्हणाली, 'काय म्हणाले डॉक्टर?' म्हटलं, 'आपली मुलं परदेशात आहेत.' ती म्हणाली, 'एवढी मोठी झाली? जन्माला तरी मला बोलवायचं!'"

हॉल कोसळला. धाकट्याने हा किस्सा हजार वेळा ऐकला होता. तो हसला नाही, विनोदवीर एकमेकांच्या विनोदाला हसत नाहीत. फार तर मान हलवतात. थोरले तर गाडीत धाकट्याचं नवं काही ऐकलं की समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणत, "हं. चालेल." बावीस वर्षांतली सर्वांत मोठी शाबासकी ती.

विसाव्या मिनिटाला डॉक्टर पुन्हा आला. दोन हात, नळी, आरसा. लोक चकित झाले, मग दुप्पट हसले. कुणीतरी टाळीसुद्धा दिली. धाकट्याने टॉर्चच्या बटणावर अंगठा ठेवला. त्याने मनात म्हटलं, देवा, इथवर ठीक आहे. इथवर झाकून ने.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला थोरले माइक डाव्या हातातून उजव्या हातात घेत म्हणाले, "परवा मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो."

सुरुवातीला पाच-सहा जण हसले. मग थांबले. इथे तरुण पोरं बसली नव्हती. इथे अशी माणसं बसली होती ज्यांनी हे घरात पाहिलं होतं, नवऱ्यात, बहिणीत, कुणी स्वतःतही. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने शेजारच्या म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. हसण्याऐवजी हॉलभर एक मऊ, वाईट शांतता पसरली. आणि थोरल्यांना ती ऐकू आली. चाळीस वर्षांचा कान तो. ते जोर लावू लागले. हसू आलं नाही की हाडाचा विनोदवीर दुप्पट जोर लावतो, आणि दुप्पट जोर लावलेल्या विनोदासारखं केविलवाणं जगात दुसरं काही नसतं.

धाकट्याने दिवा लावला.

"मी म्हटलं, 'आँ.' तो म्हणतो, 'वा! पर—'"

थोरल्यांची नजर मागच्या भिंतीवर गेली. ते थांबले. बायकोला काय सांगितलं होतं, आज समोर कोण आहेत, यातलं काहीही त्यांना आठवत असेल-नसेल. दिवा आठवत होता. त्यांनी माइक स्टँडला लावला, हात जोडले. "वेळ झाली. हसलात, देव तुमचं भलं करो." आणि उतरले. तक्रार नाही, कपाळावर आठी नाही. लोक उभे राहिले, टाळ्या वाजत राहिल्या. थोरले बाजूच्या वाटेने खुर्च्यांच्या पाठींना धरत-धरत थेट मागच्या भिंतीपाशी आले.

"बरोबर लावलास?"

"हो, दादा," धाकटा म्हणाला. अठ्ठाविसाव्या मिनिटाला आपण एका माणसाचा तास चोरला, असं त्याला वाटत होतं.

सेक्रेटरी घड्याळाकडे बोट दाखवत आले. "अहो, अर्धा तास बाकी आहे! आता काय करायचं?"

थोरल्यांनी धाकट्याच्या हातातली टॉर्च काढून घेतली, अगदी सहज, ताटातला घास उचलावा तशी. "करायचंय काय? हा जाईल. जा रे, मी आहे इथे."

धाकटा स्टेजवर पोचला तेव्हा त्याच्याजवळ काहीही नव्हतं. त्याची पंधरा मिनिटं तर संपली होती. लोकांना अर्धा राहिलेला डॉक्टर हवा होता, आणि तो किस्सा त्याला झोपेत येत होता; पण दुसऱ्याच्या किश्श्याला हात लावायचा नसतो. गुडघा ठणकत होता. समोर अंधार. त्या अंधाराच्या टोकाशी कुठेतरी थोरले, हातात न लावलेला दिवा घेऊन.

मग त्याला ते आठवलं. सहा वर्षांपूर्वी गाडीत ऐकवलेलं, आणि त्यानंतरही चार-पाचदा. थोरले प्रत्येक वेळी म्हणाले होते, "हं. चालेल. पण आत्ता नको. तुझा तास येईल तेव्हासाठी ठेव."

"माझ्या आईचा फोन येतो," धाकटा म्हणाला. "हॅलो नाही, कसा आहेस नाही. एकदम, 'ओळख पाहू, कोण गेलं?' कोडंच घालते. मी म्हटलं, 'कोपऱ्यावरचे मास्तर?' 'छे! ते चांगले ठणठणीत आहेत.' मग जरा वेळ शांत. मग हळूच, 'पण तू त्यांचंच नाव का घेतलंस? तुला काही कळलंय का?'"

पुढच्या रांगेत हसू उगवलं.

"दुसऱ्या दिवशी आई मास्तरांच्या घरी गेली. पांढरी साडी, डोळ्याला पदर. बेल वाजवली. दार मास्तरांनीच उघडलं. आई त्यांच्याकडे बघते, ते आईकडे बघतात. आई म्हणाली, 'आता आलेच आहे, तर बसते.'"

हॉल हसला. पण त्याच्या आधी, सगळ्यांच्या आधी, मागच्या भिंतीपाशी कुणीतरी मोठ्याने हसलं. तो आवाज धाकट्याच्या ओळखीचा नव्हता. बावीस वर्षांत त्याने तो ऐकलाच नव्हता. आणि मग थोरल्यांचा स्टेजवर कमावलेला आवाज, सेक्रेटरींना सांगत असलेला, अख्ख्या हॉलला ऐकू गेला: "चांगला आहे हो पोरगा! कुठे होता इतके दिवस?"

लोक त्यालाही हसले. धाकटाही हसला; हसताना दोन्ही हातांनी माइक धरून राहिला, कारण दुसरं काही धरायला नव्हतं.

मग तो बोलत सुटला. वह्यांत पडून राहिलेलं, 'तुझ्या तासासाठी ठेव' म्हणून ठेवलेलं, शिळं झालेलं, अर्धवट. काही पडलं, काही चाललं. चार वाजले. सव्वाचार झाले. सेक्रेटरी आता घड्याळाकडे बघत नव्हते, बसून घेतलं होतं त्यांनी. पाय भरून आले. दिवा लागेना. दिवा लागेपर्यंत उतरायचं नसतं, आणि दिवा हातात धरलेला माणूस कशासाठी उभा आहे, हे त्या माणसाला आठवत होतं की नाही, ते त्या अंधारातून दिसत नव्हतं.

शेवटी सांगण्यासारखं काही उरलं नाही. धाकट्याने घाम पुसला. माइक डाव्या हातातून उजव्या हातात घेतला.

"माझ्या आईचा फोन येतो," तो म्हणाला. "हॅलो नाही, कसा आहेस नाही."

लोक गोंधळले, मग त्यांच्या लक्षात आलं, म्हणजे त्यांना तसं वाटलं. तिसऱ्या रांगेतल्या बाईच्या मात्र खरंच लक्षात आलं. तिने मागे वळून भिंतीकडे पाहिलं. धाकट्याने एकही शब्द बदलला नाही. कोडं, मास्तर, पदर, बेल. दार उघडलं.

"आता आलेच आहे," तो म्हणाला, आणि थांबला. जितकं थांबायचं तितकंच.

"तर बसते."

आणि मागच्या भिंतीपाशी थोरले पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे पोट धरून हसले.