शटरवरची चिठ्ठी

लढाई संपल्यावर पडक्या चौकात ही बाजाराची इमारत उभी राहिली, तेव्हा म्हणे लोक नुसती बघायला यायचे. सगळं सिमेंटचं, सरळ रस्ता म्हणून नाहीच, जिकडेतिकडे उतार आणि पूल. बांधणाऱ्याला बक्षीस मिळालं. पिशव्या घेऊन फिरणाऱ्यांच्या नशिबी पायपीट आली. त्यात जागा चढावर, म्हणजे एका बाजूचा तळमजला तो दुसऱ्या बाजूचा तिसरा. पुढे पाच मालक झाले. प्रत्येकाने आल्या आल्या दुकानांचे नंबर बदलले, एखादा जिना बुजवला, आणि गळक्या छपराला मात्र एकानेही हात लावला नाही.

कपडे उसवून मापाचे करून देणाऱ्या मावशींचं दुकान तिथे तीस वर्षं. पाटीवर सतरा, करारात एकेचाळीस, विजेच्या बिलात तिसरंच काहीतरी. कुणाला सापडेल तर शपथ! गिऱ्हाईक फोन करायचं, मावशी कुलूप लावून खाली जायच्या आणि त्याला घेऊन यायच्या. सगळेच दुकानदार असंच करत.

आता इमारत पाडायची ठरली होती. मंगळवारी अकराला पाहणीचे साहेब येणार, आणि जे दुकान उघडं दिसेल त्यालाच नव्या इमारतीत जागा. मावशींचा जीव टांगणीला लागला. या वयात शिलाई मशीन उचलून जायचं तरी कुठे?

अकराला पाच कमी असताना साहेबांचा फोन आला की गाडी लावली, आता येतो. तिथेच थांबा, मी आले, असं सांगून मावशींनी सवयीने कुलूप घातलं आणि निघाल्या. वरच्या गाडीतळावर कुणी नाही. खालच्यावरही नाही. परत येताना नेमका पूल बंद, म्हणून लांबचा वळसा.

शटरवर चिठ्ठी होती : 'बंद. वापरात नाही.' दुसऱ्याच कुणाच्या दारात आलो की काय, असं त्यांना वाटलं. पण कुलूप त्यांचंच होतं.

साहेबांना त्यांनी उतारावर धापा टाकत गाठलं, सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. पण पाहणीच्या वेळी दिसेल तेच लिहायचं, असा नियम. मावशींच्या दुकानाची नोंद भरून पुढे गेलीही होती. मग त्यांना बरं वाटावं म्हणून साहेब म्हणाले, "तुम्ही उगाच खाली आलात, मावशी. दुकान मला लगेच सापडलं की."

तीस वर्षांत हे कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. हसावं की रडावं ते मावशींना कळेना, आणि त्या चक्क 'थँक्यू' म्हणून बसल्या.