मास्तरांच्या खाटेखालची बडबडी बाटली

अहो, पाय जपून! इकडे, खाली बघा. कचऱ्याच्या पिवळ्या डब्याशेजारी. मी बोलतेय, छातीच्या नळीची बाटली. सफाईवाल्या मावशी मला न्यायला येतीलच, तोवर दोन शब्द ऐकून घ्या.

जन्म कारखान्यातला. अंगावर आकड्यांच्या रेघा छापून घेतल्या आणि पिशवीत बंद होऊन दवाखान्याच्या कपाटात पडून राहिले. मग एका सकाळी सिस्टरनी पिशवी टरकन फाडली, माझ्यात पाणी ओतलं आणि मला एका माणसाच्या छातीतल्या नळीला जोडलं.

तो माणूस म्हणजे आमचे मास्तर. शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली. खोकल्याचं निमित्त झालं, फुप्फुसाला बारीक भोक पडलं, हवा छातीत साठली आणि फुप्फुस आक्रसून बसलं. ती हवा नळीतून माझ्यात यायची आणि पाण्यातून बुडबुडत निघून जायची. पाण्यामुळे ती परत छातीत मात्र शिरायची नाही. काम एवढंच, पण आवाज केवढा! मास्तर खोकले रे खोकले, की माझं गुडगुड सुरू.

वर भिंतीवर माझी शेजारीण होती, ऑक्सिजनची बाटली. तीही बुडबुडायची, पण तोरा काय विचारू नका. ती हवा देणारी, म्हणून सगळे तिच्याकडे मान वर करून बघायचे. मी हवा नेणारी, म्हणून खाटेखाली. मला बघून लोक नाक मुरडायचे.

डॉक्टर रोज सांगायचे, "बुडबुडे थांबले की नळी काढू. मग घरी." झालं! मास्तर दिवसभर खाटेवरून वाकून माझ्यावर पहारा देत बसले.

"थांब की गं बाई," ते विनवायचे. मी नेमका तेव्हाच एक टपोरा बुडबुडा सोडायचे.

"हिचं तोंड अगदी तुझ्यासारखं," ते काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हणाले.

"माझं बंद पडलं तर तुमचं घर चालेल का?" काकूंनी तिथल्या तिथे सुनावलं.

पाचव्या दिवशी दुपारी काकू डबा धुवायला गेल्या आणि मास्तरांची नजर माझ्या नळीवर पडली. ती खाटेच्या कडेला लोंबत होती. ज्या माणसाने चाळीस वर्षांत एक धागा लोंबता सोडला नाही, त्याला हे कसं बघवणार? त्यांनी नळी छान दुहेरी दुमडली, चादरीची कड तिच्याभोवती घट्ट गुंडाळली आणि सदऱ्याच्या आत कायम टोचलेली सेफ्टी पिन काढून लावून टाकली. नळीला टोचू दिली नाही हं, हात सराईत होता.

माझी वाचाच बसली.

काकू आल्या, वाकल्या आणि ओरडल्या, "अहो, थांबले! बुडबुडे थांबले!" लगेच घरी फोन. "पलंगावर धुतलेली चादर घाल. बाबा येतायत!"

इकडे मास्तरांची वाक्यं आखूड होत चालली. "बरं... वाटतंय," म्हणाले, पण मधे दोनदा थांबून. कपाळावर घाम. हवा आत साठत होती आणि मला बोलता येत नव्हतं. खरं सांगते, मी घाबरले. शेजारीण वर जोरात बुडबुडत होती, पण आतली हवा निघाल्याशिवाय ती बिचारी तरी काय करणार?

तेवढ्यात सिस्टर गोळ्या घेऊन आल्या. काकूंनी आनंदाची बातमी दिली. सिस्टर हसल्या नाहीत. खाली बसल्या आणि माझ्या आतल्या उभ्या नळीतलं पाणी निरखू लागल्या. श्वासाबरोबर ते वरखाली व्हायला हवं.

"मास्तर, खोका बघू."

मास्तर खोकले. पाणी ढिम्म.

सिस्टरचा हात माझ्यापासून नळीवरून सरसर वर गेला आणि चादरीच्या दुमडीत पिनेवर थांबला. "हे कुणी केलं?"

"नीट... करून ठेवलं," मास्तर कसेबसे म्हणाले.

पिन निघाली, नळी सरळ झाली आणि मी अशी काही सुटले! गुडगुड गुडगुड गुडगुड! काकू खाटेखाली वाकल्या. पाच दिवस ज्या माझ्या गप्प होण्याची वाट बघत होत्या, त्यांनी माझ्या अंगावर हात ठेवला. "बोल गं बाई, बोल," म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मग डोळे पुसून मास्तरांना जे झापलं, ते मी सांगत नाही.

पिन काकूंनी जप्त केली.

तर एवढंच मागणं आहे. कुणाच्या खाटेखाली माझी बहीण दिसली, तर तिची नळी आवरू नका, तिला उचलून वर ठेवू नका, पाणी उलटं छातीत जाईल. आणि ती गप्प झाली, तर पेढे वाटण्याआधी सिस्टरना हाक मारा.

मास्तरांचं फुप्फुस आज पुरतं फुललं. एक्स-रेच्या फोटोत दिसलं, डॉक्टरांनी नळी काढायचं ठरवलं. त्याआधी मास्तर खाटेवरून वाकले आणि हळूच म्हणाले, "खोकू का गं?"

ते खोकले. एकदा, दोनदा, चांगले जोर लावून तिसऱ्यांदा. मी एक बुडबुडासुद्धा काढला नाही.